चोरीला गेलेला डाग

१

नीन्या एर्सिलिया सेर्पाच्या पियानोवरचा डाग चोरीला गेला, ही बातमी सोमवारी सकाळी साडेसात वाजता देल्मिरा कार्कामोच्या कारखान्यात येऊन थडकली. बातमी आणली एतेल्विनाने. ती सव्वीस वर्षं नीन्याकडे स्वयंपाकपाणी करत होती, आणि एवढ्या वर्षांत तिला धावताना कुणी पाहिलं नव्हतं. आज ती चक्क धापा टाकत होती.

"चल लवकर. आणि ते स्पिरिट-बिरिट काही घेऊ नकोस. पुसायला काही उरलेलंच नाही."

देल्मिरा एका झुलत्या खुर्चीच्या हाताला लाखेचं पॉलिश चढवत होती. नदीकाठच्या आमच्या मोम्पोस गावात घर तिथे झुलत्या खुर्च्या आणि खुर्ची तिथे पॉलिश, त्यामुळे तिला कामाला तोटा नव्हता. लाकडावरचा डाग कशाचा, केव्हाचा आणि कुणाचा, हे ती नुसतं बोट फिरवून सांगते अशी गावात तिची ख्याती होती. गावातल्या दोन नवऱ्यांची आणि एका पाद्र्याची लबाडी तिने त्यांच्याच टेबलांवरून पकडली होती. पण लोक तिला बोलवत ते डाग पडला म्हणून. डाग गेला म्हणून बोलावणं हे पहिलंच.

बाईचं लग्न झालं नसेल तर आमच्या गावात तिला मरेपर्यंत 'नीन्या' म्हणतात, म्हणजे पोरगी. एर्सिलिया सत्तर वर्षांची पोरगी होती. ताठ, गोरी, गळ्यात चांदीच्या तारकामाची साखळी. ती पियानोपाशी उभी होती आणि तिचा उजवा हात पियानोच्या झाकणावर, नेहमीच्या जागी, नुसताच पडला होता.

त्या जागेची गोष्ट गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. शेहेचाळीस वर्षांपूर्वी याच दिवाणखान्यात एर्सिलियाच्या साखरपुड्याची संध्याकाळ चालली होती. नवरा मुलगा लिसान्द्रो, आगबोटीवरचा अधिकारी. त्याने हातातला ग्लास या उभ्या पियानोच्या झाकणावर ठेवला, "लाँचवरचं सामान बघून जेवायच्या आत येतो" म्हणाला, आणि गेला तो गेलाच. दुसऱ्या दिवशी झाकणावर पांढरं गोल वळं उमटलेलं होतं. तेव्हापासून रोज सकाळी एर्सिलिया त्या वळ्यावरून एकदा बोट फिरवायची आणि मगच नाश्ता करायची.

आज झाकण आरशासारखं चकचकीत होतं आणि वळं नव्हतं.

"काल चर्चमधून, पाम रविवारच्या मिसाहून आले तर हे असं," नीन्या म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे ऐकवत नव्हता. "मला तो डाग परत घालून दे."

"नीन्या, डाग परत घालता येत नाही. फार तर दुसरा पाडता येईल."

"दुसरा घेऊन मी काय करू? तो परत येईल आणि विचारील, माझा ग्लास कुठे ठेवला होता मी? मी त्याला काय दाखवू, सांग ना!"

नीन्याने बाहीतला रुमाल काढला, नाक पुसलं आणि एकदम करड्या आवाजात म्हणाली, "या घराची किल्ली दोघींपाशीच आहे. एक मी आणि एक ही. बुधवारी सकाळच्या लाँचने ही तिच्या बहिणीकडे जाईल. तोवर दुसरा कुणी सापडला तर सांग, नाहीतर राहू दे."

एतेल्विना दाराशीच उभी होती. तिची बहीण नऊ वर्षांपूर्वी वारली होती, आणि हे नीन्या सोडून सगळ्यांच्या लक्षात होतं.

२

देल्मिराने खिडकीची झडप उघडली आणि झाकणावर गाल टेकवल्यासारखी वाकून उजेडाच्या रेषेत पाहिलं.

काम झक्क होतं. चोराने वळं खरवडून काढलं नव्हतं. स्पिरिटने जेमतेम ओलावलेला बोळा अलगद फिरवून आत अडकलेली ओल बाहेर काढली होती, आणि वर नव्या लाखेचे चार-पाच हात दिले होते. कडा कुठे संपते ते दिसत नव्हतं. रंगही हुबेहूब जुळला होता, जुन्या पियानोचा तो काळपट डाळिंबी रंग. हे स्वयंपाकघरातल्या फडक्याचं काम नव्हे.

तिने कोपऱ्यात नख टेकवलं. नखाची चंद्रकोर उमटली. पुन्हा अंगठा टेकवला तर तो किंचित चिकटून सुटला. देल्मिराच्या कपाळाला आठ्या पडल्या. लाखेचं पॉलिश तासाभरात वाळतं आणि रात्रीत कडक होतं. इथे पुरा एक दिवस उलटला होता, तरी पृष्ठभाग अजून मऊ होता.

मग तिचं लक्ष झाकणावरच्या फोटोंकडे गेलं. सेर्पा घराण्याचे सगळे पूर्वज चांदीच्या चौकटींत ओळीने उभे होते. एकच चौकट भिंतीकडे तोंड करून होती. तिने ती फिरवली. टोपी काखेत धरून लिसान्द्रो हसत होता.

स्वयंपाकघरात एतेल्विना पाकातली लिंबं बरणीत भरत होती. जायची वेळ आली तरी ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्याचं गोडधोड राहून चालणार नव्हतं.

"तू केलंस का?" देल्मिराने सरळच विचारलं.

"मी? मला ते वळं बघवत नव्हतं हे खरं. शंभरदा म्हणाले असेन की एक दिवस मी हे पुसून टाकणार. तेच आता अंगाशी आलं. पण पुसायला येतं कुणाला, बाई! मी फडकं मारलं असतं तर पियानोचं सालच निघालं असतं."

"काल सकाळी घरात कोण होतं?"

"कुणी नाही. सातला आम्ही दोघी मिसाला गेलो, नऊला परतलो. पुढचं दार कुलपात. मागचं..." ती थांबली. "मागच्या दाराला आम्ही कधीच कुलूप लावत नाही. ते नीन्याला सांगू नकोस."

"आल्यावर काय दिसलं?"

"दिसलं काही नाही, आधी वास आला. दारूसारखा, पण दारू नव्हे. मला वाटलं नीन्याचा भाचा, आमिल्कार, येऊन गेला. आणि तो फोटो भिंतीकडे. मी म्हटलं वाऱ्याने फिरला असेल."

"चांदीची चौकट वाऱ्याने पडते गं, फिरत नाही."

एतेल्विनाने बरणीचं झाकण घट्ट लावलं. "देल्मिरा, मी इथून गेले तर तिला औषध कोण देईल? तिला गोळ्यांचा रंगसुद्धा माहीत नाही."

३

दुपारी देल्मिरा घरी जेवायला गेली. घर कारखान्याच्या मागेच होतं. तिथे ती आणि तिचे वडील, मायेस्त्रो म्हणजे उस्ताद सातुर्निनो, दोघंच राहत. आई, रोसेंदा, वारल्याला बारा वर्षं झाली होती. मायेस्त्रोच्या हाताखालून गावातली अर्धी झुलती खुर्ची-मंडळी चमकून गेली होती, पण चार वर्षांपूर्वी त्यांचे हात कापायला लागले. तेव्हापासून दर डिसेंबरात सेर्पांच्या पियानोला पॉलिशचा हात द्यायला देल्मिरा जायची. पहिल्याच वर्षी त्यांनी तिला बजावलं होतं, "वळ्याला हात लावायचा नाही. त्याच्या भोवतीने जायचं." ती भोवतीने गेली होती. चाळीस-बेचाळीस वर्षं तेही भोवतीनेच गेले होते.

तळलेला मासा वाढता वाढता तिने त्यांना सगळं सांगितलं. वळं गेलं, नीन्या अशी म्हणते, एतेल्विनावर आळ आला आहे.

मायेस्त्रो काट्यांशी खेळत राहिले. "ती नुसती बोलते. एतेल्विनाला हाकलणार नाही. दर पावसाळ्यात हाकलते."

"या वेळी लाँचचं तिकीट काढलंय, पापा."

त्यांचा हात थांबला. मग म्हणाले, "झाकणाचं म्हणशील तर काळजी नको. ऊन आहे, दोन दिवसांत होईल कडक." आणि डुलकी काढायला आत गेले. मासा त्यांनी अर्धा टाकला होता.

मंगळवारी सकाळी तिने आमिल्कारला गाठलं. हा नीन्याचा भाचा. पियानो एका हॉटेलवाल्याला विकायचा म्हणून तो दोन वर्षं आत्याचे कान खात होता, आणि डागामुळेच सौदा अडला होता. संशय घ्यायला याच्याइतका सोयीचा माणूस गावात दुसरा नव्हता.

तो दारात उघडाबंब बसला होता आणि बायको त्याच्या खांद्याला मलम चोळत होती.

"ये, ये, तपास कर माझा," तो म्हणाला. "ज्याने केलं त्याला मी कोंबडी कापून जेवायला घालीन. पण मी नाही. हा खांदा बघ. रविवारी सहापासून दहापर्यंत मिरवणुकीतली मूर्तीची पालखी वाहत होतो, डावीकडे दुसरा. अख्ख्या गावाने पाहिलं. तूही पाहिलंस."

तिने पाहिलं होतंच.

"माणूस लावून करून घेतलं असशील."

"कोण माणूस? गावात हे काम तुला येतं नाहीतर तुझ्या बापाला. बाकीचे खुर्च्या रंगवतात, पॉलिश करत नाहीत." तो हसला, मग खांदा दुखला म्हणून कळवळला. "खरं सांगू? मला त्या वळ्याचा राग यायचा. आमचे आजोबा सांगायचे, लिसान्द्रोने आमची रम ढोसली, आमचा ग्लास ठेवला आणि पळाला. आणि आत्या त्या ग्लासाची पूजा करते! तीन वर्षं पिंपात मुरलेली रम होती म्हणे. पाण्याचा थेंब न घालता प्यायला गडी."

देल्मिरा उठता उठता पुन्हा खाली बसली.

"काय म्हणालास? रम?"

४

कारखान्यापर्यंतचा रस्ता तिने कसा कापला ते तिला कळलं नाही. आजवर गावाने 'ग्लास' म्हटलं आणि तिनेही 'ग्लास' ऐकलं. ग्लासात काय होतं, हे पॉलिशवाल्याच्या पोटी जन्मून तिने एकदाही विचारलं नव्हतं. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली तिला.

लाख स्पिरिटमध्ये विरघळते. म्हणूनच ती लाकडावर चढवता येते. त्यावर नुसती रम सांडली तर रम लाखेला खाते, खड्डा पाडते, चिकट काळसर चट्टा ठेवते. पांढरं वळं पडतं ते पाण्याच्या ओलीने, आणि त्या ग्लासात तर पाण्याचा थेंब नव्हता. गरम भांडं ठेवलं की वाफेची ओल लाखेत शिरते आणि तिथेच कोंडून राहते. शेहेचाळीस वर्षं ज्यावरून नीन्या बोट फिरवत होती ते वळं कुठल्याशा गरम भांड्याचं होतं. लिसान्द्रोचं ते नव्हतंच.

ती तशीच नीन्याकडे गेली. एतेल्विनाची ट्रंक दिवाणखान्यात आणून ठेवलेली होती.

"नीन्या, त्या संध्याकाळी ग्लास ठेवला तेव्हा झाकण उघडं होतं का?"

"उघडं कसं असेल? वर लेसचं कापड होतं, माझ्या आजीचं." नीन्याच्या चेहऱ्यावर एकदम चोवीस वर्षांची मुलगी आली. "दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते कापड उचललं आणि खाली वळं दिसलं. मला वाटलं, बघ, जाताना खूण ठेवून गेला."

"त्या आठवड्यात पियानोला नवीन पॉलिश केलं होतं?"

"साखरपुड्यासाठीच केलं होतं. त्याच दिवशी दुपारपर्यंत काम चाललं होतं, बाबा रागावले होते."

"पॉलिश कुणी केलं?"

"कुणी म्हणजे? तुझ्याच बापाने. मिशासुद्धा नीट फुटल्या नव्हत्या तेव्हा."

देल्मिराने "बरं" एवढंच म्हटलं. ट्रंकेवर एतेल्विनाची दुमडलेली शाल होती आणि वर घरात घालायच्या चपला, कागदात गुंडाळून.

५

कारखान्यातल्या सगळ्यात वरच्या फळीवर, तुटक्या खुर्च्यांच्या मागे, एक गंजका डबा होता. त्यात डाळिंबी लाखेचे पापुद्रे होते. असली गडद लाख गेली पंधरा वर्षं बाजारात मिळत नव्हती. आणि जुनी झालेली लाख कुणी वापरत नाही, कारण ती नीट कडक होतच नाही, मऊ आणि चिकट राहते. शिकाऊ पोरंसुद्धा ती फेकून देतात. हा डबा फेकू देत नव्हते ते एकटे मायेस्त्रो सातुर्निनो. "असू दे, लागेल कधी," म्हणायचे.

डब्याच्या झाकणावर बोटभर धूळ होती आणि त्या धुळीत पाच ताज्या बोटांचे ठसे होते.

ती तो डबा घेऊनच मागे अंगणात गेली. वडील आंब्याखाली झुलत्या खुर्चीत बसले होते. खुर्ची झुलत नव्हती.

"पापा, काल मी तुम्हाला सांगितलं की वळं गेलं. झाकण अजून चिकट आहे हे मी सांगितलं नव्हतं. तुम्हीच म्हणालात, दोन दिवसांत कडक होईल."

त्यांनी डब्याकडे पाहिलं. नाकारायचा प्रयत्नही केला नाही.

"रंग जुळायला हीच हवी होती," ते म्हणाले. "लाख खराब झालेली आहे हे मला वासावरूनच कळलं. पण एवढ्यात दुसरी कुठून आणणार? हात जरा शांत होता रविवारी. असा दिवस पुन्हा मिळेल की नाही, कुणी सांगावं."

"चिकटलं नसतं तर मला कळलं नसतं. इतकं चांगलं काम आहे."

"हो?" त्यांचा चेहरा उजळला आणि लगेच त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

मग ते बोलू लागले. त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास पॉलिश पुरं होत आलं होतं. कुणीतरी कॉफी दिली. त्यांनी कप झाकणावर ठेवला. ताज्या लाखेवर गरम कप! कालचं पोरही अशी चूक करत नाही. उचलून बघतात तर पांढरं फटक वळं. सेर्पा म्हातारा चाबूक काढील म्हणून त्यांनी घाईघाईने लेसचं कापड वर ओढलं. उद्या पहाटे येऊन गुपचूप काढू, दहा मिनिटांचं तर काम.

"आलो दुसऱ्या दिवशी. बोळा खिशात. तर ती तिथे उभी. कापड बाजूला, वळ्यावर बोट आणि डोळे सुजलेले. मला म्हणाली, 'सातुर्निनो, याला हात लावू नकोस हं. हे त्याचं आहे.' आता मी काय बोलणार होतो? तुझा नवरा पळाला आणि हे वळं माझ्या कपाचं आहे, असं सांगू? मूग गिळून बसलो. म्हटलं पुढच्या वर्षी सांगू. पुढच्या वर्षीही ती तिथेच उभी."

"मग आत्ताच का?"

आंब्यावरून एक कैरी पडली तरी त्यांनी मान वळवली नाही.

"डॉक्टर म्हणतात तिने कार्ताहेना शहरात जाऊन हृदय दाखवावं. ती जात नाही. म्हणते, तेवढ्यात तो आला तर? माझ्या कपापायी ती तिथे उभी राहून मरणार, देल्मिरा." मग खालच्या आवाजात म्हणाले, "हे एक. दुसरं असं, की मला एकदा तो पियानो बघायचा होता. त्याच्यावर तो माणूस नसताना. माझ्या हातचं काम होतं ते, आणि सगळं गाव त्यात त्याला बघायचं."

"म्हणून फोटो फिरवलात."

"बघत होता हरामखोर."

देल्मिराला हसू आलं आणि त्याच वेळी तिला आईची आठवण झाली. तीस वर्षं या माणसाच्या ताटात मासा वाढणारी बाई. काय ठाऊक होतं तिला?

"उद्या सकाळच्या लाँचने एतेल्विना जाणार आहे," ती म्हणाली. "ट्रंक बाहेर ठेवलेली मी डोळ्यांनी पाहिली. मी नीन्याला नाव सांगणार. तुम्ही सांगणार असाल तर मी नुसती शेजारी उभी राहीन."

मायेस्त्रोंनी दोन्ही हात मांडीवर घट्ट दाबून धरले. "माझा पांढरा शर्ट इस्त्री करून दे," ते म्हणाले.

६

बुधवारी सकाळी सात वाजता ट्रंक दारात होती, आणि नेणारा गाडीवाला सावलीला बिडी ओढत होता. मायेस्त्रो दिवाणखान्यात उभे राहिले आणि टोपी हातात धरून त्यांनी सगळं सांगितलं. रम आणि लाख, कप आणि कापड, मागचं दार, जुना डबा. देल्मिराने मध्ये एकदाच तोंड उघडलं, रम लाखेला खाते हे खरं आहे एवढं सांगायला.

नीन्या बसून ऐकत होती. ऐकता ऐकता तिचा हात झाकणाकडे गेला आणि अर्ध्यातूनच परत आला.

"म्हणजे त्याने काहीच ठेवलं नव्हतं," ती म्हणाली.

तिने दारातल्या ट्रंकेकडे पाहिलं.

"एतेल्विना, ती ट्रंक आत ने. आणि मला नंतर शिव्या दे, आत्ता नको." मग ती मायेस्त्रोंकडे वळली. आता मात्र आवाज चढला. "शेहेचाळीस वर्षं! दर डिसेंबरात यायचास, भोवतीने बोळा फिरवायचास, लिंबाचं गोड खायचास आणि जायचास! मनातल्या मनात हसत असशील मला!"

"नाही, नीन्या. हसणार कसा? कॉफी तुम्ही आणून दिली होती. स्वतःच्या हाताने. निळ्या फुलांचा कप होता. म्हणालात, 'दमला असशील.' मी तुमच्याकडे बघत राहिलो आणि कप कुठे टेकवला ते मला कळलंच नाही. नाहीतर लाखेवर कप ठेवणारा मी नव्हे."

नीन्या त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिली. ती खरोखर आठवायचा प्रयत्न करत होती, हे देल्मिराला दिसत होतं. कपाळ आक्रसलं, ओठ हलले.

"मला आठवत नाही, सातुर्निनो," ती शेवटी म्हणाली.

"नाही आठवणार," मायेस्त्रो म्हणाले. "त्या दिवशी तुम्ही सगळ्याच गड्यांना कॉफी दिली होती."

ते वाकून नमस्कार करून बाहेर पडले. पायऱ्या उतरताना देल्मिराने त्यांचा दंड धरला, आणि पहिल्यांदाच त्यांनी तो सोडवून घेतला नाही.

पवित्र बुधवारी संध्याकाळी मोम्पोसमध्ये घरं रिकामी पडतात. माणसं मेणबत्त्या घेऊन आपापल्या मेलेल्यांपाशी जाऊन बसतात आणि वाजंत्री त्यांना त्यांच्या आवडीची गाणी वाजवून दाखवतात. नीन्या एर्सिलिया या दिवशी स्मशानात कधी आलेली नव्हती. इथे आलं म्हणजे कुणीतरी मेलंय हे कबूल करावं लागतं.

ऊन उतरलं होतं. देल्मिरा आणि मायेस्त्रो रोसेंदाच्या कबरीपाशी होते. तेव्हा माणसांची गर्दी जराशी फाकली आणि एतेल्विनाच्या हाताला धरून नीन्या आली. तिच्या हातात एक न पेटवलेली मेणबत्ती होती.

"त्याची कबर कुठे असेल ते मला माहीत नाही," ती म्हणाली. "आहे की नाही तेही माहीत नाही. ही कुठे लावू?"

मायेस्त्रो टोपी काढून मागे सरले. नीन्याने दगडावरचं नाव वाचलं. मग तिने देल्मिराला विचारलं, "हिला मी फारशी ओळखत नव्हते. डिसेंबरात हा माझ्याकडे कामाला यायचा ना, तेव्हा ही काय करायची?"

देल्मिराने वडिलांकडे पाहिलं नाही. झाकून ठेवलेली दोन ताटं तिला दिसत होती. पोरांना वाढून झालेलं, दुपार टळून गेलेली आणि आई दारात.

"जेवायला थांबायची," ती म्हणाली. "ते येईपर्यंत."

एतेल्विनाच्या खांद्याचा आधार घेऊन नीन्या हळूहळू गुडघ्यांवर बसली आणि मेणबत्ती रोसेंदाच्या दगडापाशी वाळूत रोवली. नदीवरून वारा येत होता. पहिली काडी विझली, दुसरीही विझली. देल्मिरा खाली वाकली आणि तिने दोन्ही हातांचा आडोसा केला.